पहिले तीन घाणे

फ्रिज आला तेव्हा त्याच्या पाठीला एक भोक होतं,
करंगळीचं टोक जाईल इतकंच.
शर्वाणी म्हणाली, बाबा, इथून पाणी आत जाणार,
आणि दाराकडं बोट करून, इथून बर्फ बाहेर.
मी म्हटलं, बरं.
कुटबणच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं काढलेल्या माणसानं
याहून जास्त काय म्हणायचं.

नळकामाला बिरांची आला.
गाव केंद्रापाडा, कुंकळ्ळीत सहा वर्षं,
कोकणी माझ्यापेक्षा गोड बोलतो.
सिंकखाली आडवा झाला, बाहेर नुसत्या भेगाळलेल्या टाचा.
"कॉक बंद करा" म्हणून आतून ओरडला
आणि साळावलीहून एवढ्या लांब आलेलं, टाकी चढून उतरलेलं पाणी
आमच्या भिंतीत मुकाट थांबलं.
पितळेचा टी, टेफलॉनचे सात वेढे,
मग सलाइनसारखी पांढरी नळी
ओट्यामागून, गॅसच्या पाइपाला वळसा घालून,
फ्रिजच्या पाठीपर्यंत.
भिंतीला भोक पाडताना चिऱ्याची लाल भुकटी उडाली,
माझ्या चहात पडली. तसाच प्यालो.

मागं दोन वेढे नळी मोकळी सोडली त्यानं.
उद्या फ्रिज पुढं ओढला तर ताण यायला नको.
मला हे आवडलं,
हिशोबात धरलेली ढिलाई.

जाताना सांगून गेला:
रात्री जोडाखाली कालचा पेपर ठेवा, गळत असेल तर कळेल.
आणि पहिले तीन घाणे टाकून द्या,
नव्या नळीची चव असते त्यांना.

टाकून द्या.

आम्ही डबे मिठाच्या पाण्यात सोडायचो,
वर फळ्या, फळ्यांवरून अनवाणी आम्ही,
डोळ्यांत अमोनिया.
दीड दिवस गोठायला,
मग डबा साध्या पाण्यात क्षणभर बुचकळायचा,
लादी सुटते, आकडी मारायची, ओढायची.
एकदा ट्रॉलर धक्क्याला लागलेले आणि लाइट गेली.
फर्नांड मिस्त्री रात्रभर कॉम्प्रेसरला शिव्या देत बसला,
उजाडल्यावर टोपल्याच्या टोपल्या तारले
खाडीत ओतले त्यांनी, आमच्याकडं न बघता.
तेव्हापासून मी
सरबताच्या तळातला खडाही चघळून संपवतो.
उल्हासला वाटतं, म्हातारा चिकट आहे.

रात्री दोनला स्वयंपाकघरात काहीतरी कोसळलं.
उठलोच, चपला न शोधता,
अर्ध्या झोपेत आकडीसाठी हात पुढं.
फ्रिज उभा होता, पोटात गुरगुर,
पहिला घाणा पडला होता.
वाकून पाहिलं. पेपरवर एक थेंब,
नेमका भरती-ओहोटीच्या तक्त्यावर,
सकाळचे सव्वासात फुगलेले.
पान्यानं पाव आटा दिला. कुणाला उठवलं नाही.
मग दिव्यासमोर एक खडा धरला.
मधोमध पांढरी रेघ, कोंडलेली हवा,
आमच्या लादीत असायची तशीच,
फक्त ती माझ्या हाताएवढी असायची.

सकाळी इनासिन दारात.
टोपलीत बांगडे, तळाशी गुलाबी पाणी,
जेटीवरचा बर्फ वाटेतच संपलेला.
दोन घाणे झाले होते तोवर,
दोन्ही तिच्या बांगड्यांवर उपडे केले.
तिनं एक खडा उचलून नाकाशी नेला.
"ह्या बर्फाक वास ना रे."
मी म्हटलं, नळीची चव आहे म्हणतात.
"बांगड्याक कितें पडलां ताचें?"
आणि डोक्यावर चुंबळ बसवली.

तिसरा दुपारपर्यंत होईल, मी मागून ओरडलो,
परतताना ये.
ती हो म्हणाली.
परतताना तिची टोपली रिकामी असते
हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही.