पंपाची किल्ली

शुक्रवारी दिवा लागला की बाबा दाविदाची गोष्ट सांगायचे,
पण गल्याथाची नाही. ती सगळ्यांना येते, म्हणायचे.
त्यांचा दावीद म्हातारा,
डोक्यावरून वस्त्र ओढून
अनवाणी टेकडी चढणारा,
आणि वरच्या बाजूनं, दगड मारत, धुरळा उडवत
त्याच्या सोबतीनं चालणारा तो शिमी.
"गाव तेच असतं. वार बदलतो."
आम्हाला झोप यायची.

समा रोडच्या आमच्या सोसायटीचे चेअरमन
शालोम रोहेकर, प्रतापनगर वर्कशॉपमधून निवृत्त,
यांनी त्या वर्षी गरब्याच्या फंडातून
डिझेलचा पंप आणला.
विश्वामित्री मागच्या भिंतीपासून
एकशे दहा पावलांवर आहे, हे चालून दाखवलं.
पावलं कुणाला ऐकायची होती?
नऊ रात्री मंडप नाही, ढोल नाही,
आणि पहिल्या मजल्याच्या जिन्यात
ताडपत्रीखाली ते लोखंड.

अर्ज फिरला. साठ फ्लॅट, सत्तेचाळीस सह्या.
ज्यांना ते बँकेत जामीन राहिले होते, त्यांच्याही.
सभा संपली तेव्हा चपला जागेवर नव्हत्या.
शोधल्या नाहीत त्यांनी.
फतेगंजला आत्याकडे चालत निघाले,
ऑक्टोबरची दुपार, तापलेलं डांबर.
दुसऱ्या मजल्यावरून प्रफुल्ल मणियार ओरडला, पैसाखाऊ!
आणि कुंडीतली माती मूठभर फेकली.
धाकटा शिमशोन उसळला, हात मोडू का त्याचा?
"असू दे," बाबा म्हणाले,
"देवानंच बोलायला लावलं असेल तर?"
खांद्यावरची माती झटकलीसुद्धा नाही.

पुढचा ऑगस्ट.
पार्किंगमध्ये स्कूटरच्या हँडलशेजारी
एक मगर, पत्ता विचारायला थांबावी तशी.
तिसऱ्या दिवशी नदी उतरली,
पण कुंपणाच्या आत पाणी तसंच, हिरवं, वास मारणारं,
आणि पंप कसा सुरू करायचा
हे साठ घरांत कुणालाच ठाऊक नव्हतं.

तराफा घेऊन आणायला गेले त्यांना.
येताना फाटकाशी भांडण:
ए विंग म्हणे, फोन आम्ही आधी केला.
बी विंग म्हणे, आमचे दहा फ्लॅट जास्त,
रोहेकरांवर हक्क आमचा दसपट.
आणि सगळ्यांच्या पुढे, छातीएवढ्या पाण्यात,
हात जोडून मणियार.
"शालोमभाई, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."
बाबांनी त्याच्याच खांद्यावर हात टेकून पाय खाली ठेवला.
दोरी ओढली. पंप खोकला, मग लागला.
गणपतीच्या गळ्यातला हार काढून
कुणीतरी यहुद्याच्या गळ्यात घातला.

दिवाळीला मेंटेनन्स दोनशेनं वाढला.
जिन्यात आवाज आला, रोहेकर आपले कोण लागतात?
चला रे, आपापल्या घरी.
दारं लागत गेली.
आमचंही लागलं, वाऱ्यानं.

सयाजी हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, मी विचारलं,
दाविदानं शिमीला माफ केलं ना?
"नदीकाठी केलं. लोक बघत होते.
मरताना मुलाला सांगून गेला,
त्याचं पिकलेलं डोकं सुखानं मातीत जाऊ देऊ नकोस.
हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.
तुम्ही झोपलेले असायचात."

मी वाट पाहिली, मणियारचं नाव येईल म्हणून.
खरं म्हणजे माझं.
एक्केचाळिसावी सही इंग्रजीत होती, वळण बदललेलं,
आणि या माणसानं बत्तीस वर्षं मस्टर तपासलं होतं.

त्यांनी उशीखालून किल्ली काढली.
"तेल सहा महिन्यांनी बदल.
दोरी एकदम ओढायची नाही. आधी हळू.
हाताला अडली, की मग."

चपलांचं त्यांनी विचारलं नाही.
त्या मी घेतल्या नव्हत्या,
एवढंच सांगायचं राहून गेलं.