मालकाच्या जोखमीवर

कळंबोलीच्या स्टील मार्केटमागं
आज माझ्या गाडीला कुणी हसलं नाही.
अठरा वर्षं दहाचाकी हाकली मी
आणि आता ही सेकंडहँड इको,
जिची हवा सकाळपासून तीनदा तपासली.
नसीरभाई म्हणाला, उस्ताद, डेहराडूनलाच चाललाय, चंद्रावर नाही.
फॅनबेल्ट बदलला. जुना स्टेपनीखाली ठेवला.
जुना बेल्ट कधी टाकून द्यायचा नाही,
रात्री अडीचला धामनोदच्या चढावर
तोच देव असतो.

दुसऱ्या मजल्यावरून सामान उतरतंय.
एक गादी, दोरीनं आवळलेली.
शेंगदाण्याची चटणी, दोन बरण्या, झाकणाला प्लास्टिक.
कुकर तीन लिटरचा. शालन म्हणते, पाचचा ने.
आई, मी एकटी जेवणार आहे, आश्लेषा म्हणते,
आणि मग स्वयंपाकघरात थोडा वेळ
फक्त पंख्याचा आवाज.

फाइल मी लावली. डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेयर,
प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स.
एवढं मला जमतं.
नाक्यानाक्यावर मी कागदच दाखवत आलोय.

ती तिकडं आकाशातून जमीन वाचायला शिकणार.
उपग्रह फोटो काढतो म्हणे, आणि त्यातून कळतं
कुठं ऊस, कुठं खडक, नदी किती सरकली.
पळासनेरचे खड्डे दिसतील का, मी विचारलं.
जराही न हसता म्हणाली,
रिझोल्यूशनवर आहे.

कपाटाच्या तळाशी तिचा सहावीचा नकाशासंग्रह निघाला.
मध्य प्रदेशाचं पान हाताळून हाताळून
धुतलेल्या नोटेसारखं मऊ.
रात्री ढाब्यावरून फोन करायचो मी.
शालन विचारायची, जेवलात का.
मागून ही ओरडायची, कुठं?
मी गाव सांगायचो, ही बॉलपेनानं ठिपका द्यायची.
सेंधवा. मानपूर. ब्यावरा. शिवपुरी.
मला वाटायचं, पोरगी खेळतेय.
माझी आख्खी नोकरी त्या पानावर पडलीय,
निळ्या मुंग्यांची रांग.

गुनाच्या पुढं एक प्रश्नचिन्ह.

ते तीन दिवस मला ठाऊक आहेत.
घरी सांगितलं होतं, फोन पाण्यात पडला.
बिरू, माझा क्लीनर, चौदा टाके घेऊन
सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात
आणि मी ठाण्यातल्या बाकावर,
चूक कुणाची ते ठरेपर्यंत.
डुलकी माझी होती.

आश्लेषानं पान मिटलं नाही, बॅगेतही घातलं नाही.
बाबा, हे वाटेत लागेल ना?
लागेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी, दुपारी.
मग दाखवा.

बिल्टीवर आम्ही लिहायचो
मालाचं वर्णन, नग, वजन, पोचवायचं ठिकाण.
खाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं,
माल मालकाच्या जोखमीवर.
कधी थांबून वाचलं नाही. सही ठोकायची, निघायचं.
आज जिना उतरताना, डोक्यावर गादी,
तीच एक ओळ तोंडात घोळतेय
आणि मला कळेना, यात मालक कोण.

आमच्या धंद्यात खाली गाडी परत आणणारा येडा समजतात.
परतीच्या भाड्यासाठी आग्र्याच्या बटाट्याच्या मंडईत
केबिनमध्ये दोन दोन रात्री काढल्यात मी,
पण मोकळा आलो नाही.
या खेपेला काय भरून आणायचं?
स्वतःलाच विचारलं, पण जरा मोठ्यानं झालं.

शालन कुकर कागदात गुंडाळत होती,
तीन लिटरचाच.
येताना मी पुढं बसणार, म्हणाली.
आणि शिवपुरीच्या त्या ढाब्यावर थांबायचं.
अठरा वर्षं नुसती ऐकतेय
तिथल्या डाळीचं.

पहाटे चारला निघायचंय.
अकरा वाजलेत. दोघी झोपल्यात, किंवा तसं दाखवतायत.
खाली जाऊन
एकदा हवा बघून येतो.