शिक्का

वाचता मला येत नाही.
पण राजाचं नाव बोटांना ओळखू येतं :
नूर-कब्ता म्हणजे दोन पाचरी उभ्या, एक आडवी,
शेवटी चिमणीच्या पायासारखं काहीतरी.
एकतीस वर्षं हे नाव मी ओल्या विटेवर ठोकलं,
दिवसाला दोनशे चाळीस वेळा.
एवढी हाक त्याच्या आईनेही त्याला मारली नसेल.

शिक्क्याचं लाकूड तीनदा झिजलं, तीनदा बदललं.
राजा झिजतोय हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.
विटांच्या महिन्यात, कालव्याचं पाणी उतरल्यावर
राजवाड्याचा मुकादम इल्शू-बानी आला,
चिखलाच्या कडेला उभा राहून म्हणाला,
"आठ दिवस कोऱ्याच पाड."
कोऱ्या!
नगरात दवंडी पिटली नवव्या दिवशी,
बायकांनी केस मोकळे सोडले नवव्या दिवशी;
माझ्या अंगणात राजा पहिल्याच दिवशी मेला.

त्या विटा कुणाच्याच नव्हत्या. एकोणीसशे वीस.
काही गटाराला गेल्या, काही लेकीच्या चुलीला.
भाकरी त्यांच्यावरही भाजते.

मग पोरगा गादीवर आला, इक्कुन-शारा. अकरा वर्षांचा.
पहिली वीट राजाने पाडायची, अशी रीत :
चिखलात मध, तूप, देवदाराचं तेल.
पुरोहितांनी बाह्या सावरून दिल्या,
त्याने कोपरापर्यंत हात घातले
आणि हसला.
मग कितीही सांगितलं तरी बाहेर काढेना.
वीट निघाली ती एका कोपऱ्यात खचलेली,
आणि शिक्का यायच्या आत त्याने तिच्यावर पंजा दाबला.
सगळे एकमेकांकडे बघू लागले.
मी म्हणालो, हिला तडा जाईल, दुसरी पाडू.
राजाशी मारलेली माझी ही एकच थाप.

त्रेचाळीस दिवस.

काकाचा शिक्का आला तेव्हा
चार हजार विटा पोराच्या नावाने वाळत पडल्या होत्या.
पुसून काढ, इल्शू-बानी म्हणाला.
ओल्या होत्या त्यांच्यावरून तळहात फिरवला,
तापल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसा.
वाळलेल्यांचं काय करणार?
त्या धान्यकोठाराच्या भिंतीत गेल्या, तोंड खाली करून,
वर डांबर, वर बोरूची चटई, वर दुसरा थर.
भिंत उभी आहे.
मुलगा कुठे आहे, कुणी विचारत नाही.

काल देवळाचा लेखनिक सावलीला टेकला होता,
मांडीवर पाटी, नव्याने उतरवलेली राजांची यादी.
वाचून दाखव म्हटलं.
"नूर-कब्ता, एकतीस वर्षं. रीम-लहार, त्याचा भाऊ..."
आणि मधला?
तो बोरू पुसत म्हणाला, पाटी लहान आहे,
त्याचे दिवस काकाच्या पहिल्या वर्षात जमा धरलेत.
मी बोटांवर मोजून पाहिलं.
हिशेब बरोबर होता.

पंजाची वीट माझ्याकडे आहे.
रात्री भट्टीत सरकवली होती. तडा गेला नाही.
पाण्याच्या रांजणाखाली ठेवलीय, पालथी.
रांजण डुगडुगतो. बायको म्हणते, बदला ती, खचलेली आहे.
उद्या बदलू म्हणतो.

नव्या शिक्क्याच्या कडा अजून मोडल्या नाहीत,
चिखल धरून ठेवतो.
दर दहा ठोक्यांना तिळाचं तेल लावावं लागतं,
आणि तेलाचे पैसे इल्शू-बानी देत नाही.