हळदीची नदी

शनिवारची सकाळची शाळा.
भिंतीवरचा नकाशा उंदरांनी खाल्लेला,
म्हणून पटांगणातच चीन काढायचा ठरला.
खडू संपला गोबीच्या वाळवंटापाशी.
पुढचं ओवी गांगुर्डेनं विटेच्या तुकड्यानं ओढलं,
आणि तिचा चीन जरा कोंबड्यासारखा झाला.
म्हटलं, असू दे,
तिकडची माणसंही आपल्या देशाला कोंबडाच म्हणतात.

नदीसाठी मी घरून हळद आणली होती.
ह्वांग हो. पिवळी नदी.
चिमटीतून सोडत गेले वाकडीतिकडी,
पश्चिमेच्या डोंगरांतून पूर्वेच्या समुद्राकडे.
“आपल्या गोदेसारखीच,” हुजैफ म्हणाला,
“जवळचा समुद्र सोडून उलटी जाणारी.”

जवळचा समुद्र हिला नाहीच रे.
पण ही माती खाते.
डोंगर पोटात घेऊन निघते,
वाटेत दमते, ओझं खाली ठेवते,
तळ वर येतो, पाणी वर येतं,
मग एखाद्या वर्षी
जुनी वाट सोडून
भलत्याच गावांतून चालू लागते.
लोक तिला आमचं दुःख म्हणाले
आणि तिच्याच काठी राळा पेरत राहिले.

पूर म्हटल्यावर सगळे सरसावून बसले.
पंचवटीतल्या पोरांना पूर शिकवावा लागत नाही.
“बाई, गुडघ्याला यायचं की छातीला?”
आणि तेजल, जिच्या भांड्यांच्या दुकानात
पाण्याच्या खुणा अजून भिंतीवर आहेत,
ती उभीच राहिली :
“पण त्यांचा दुतोंड्या मारुती कुठाय?
कशावरून मोजतात?”

सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
सोमवारी सांगते, म्हटलं.

मग शब्द झाले. चहा तिकडचा, लिची तिकडची.
बरणीची माती तर नावच सांगते.
संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर उडतो
त्या पतंगाचे पणजोबा तिकडचे.
आणि पैठणीतलं रेशीम?
एक किडा, तुतीचं पान,
आणि शेकडो वर्षं दाबून ठेवलेलं एक गुपित.
“ते फुटलं कसं?” “कुणी सांगितलं?” “शिक्षा झाली?”
गुपितात मुलांना फार रस.

सुयोग खैरनार तेवढा गप्प.
त्याचा काका देवळालीला तोफखान्यात शिकला,
आता तवांगला असतो.
“बाई, पण ते आपले शत्रू ना?”

वारा आला. थोडी हळद उडाली.
मला हो म्हणवेना,
आणि त्याच्यासमोर नाही तर मुळीच नाही.
म्हटलं, भांडण आहे, खरं आहे.
रेघ कुठून जाते, याचं.
त्यानं विटेचा तुकडा उचलला,
ओवीच्या कोंबड्याच्या पोटाखालून
रेघ ओढायला बसला.
पुसली. पुन्हा ओढली. पुन्हा पुसली.
“इथं डोंगर आहेत ना, बाई?
डोंगरावर रेघ कशी काढतात?”

मी त्याच्या शेजारी उकिडवी बसले.
तीन उभ्या रेघा, मधली उंच,
खालून एका आडव्या रेघेनं बांधलेल्या.
शान, म्हटलं. म्हणजे डोंगर.
त्यांच्या लिपीत असा लिहितात.
“हे तर चित्र आहे,” ओवी म्हणाली.
“त्रिरश्मी,” हुजैफ म्हणाला. “सहलीला चढलो तो.”
सुयोग काहीच म्हणाला नाही.
घंटा झाली.

सोमवारी मी माशांची गोष्ट सांगितली :
यांगत्से नावाच्या त्यांच्या दुसऱ्या नदीत
खडकावर मासे कोरलेले होते.
पाणी आटलं की ते दिसायचे,
आणि दिसले की लोक म्हणायचे, यंदा पिकणार.
तेजलला पटलं नाही.
“हा तर आटलेलं मोजतो. बुडालेलं कोण मोजतं?”

पटांगण झाडून झालं होतं.
फरशीच्या भेगेत तेवढी नदी उरली होती,
बोटभर, पिवळी.

मधल्या सुट्टीत सुयोगनं फोटो दाखवला.
काका, कानटोपी, हातात स्टीलचा पेला,
चहाच असावा, वाफ दिसत होती.
मागे बर्फ.
कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन उभ्या रेघा,
मधली जरा जास्तच उंच.