आरी

महाप्यात, कारखान्याच्या चौथ्या मजल्यावर, गच्चीत
एकशे चाळीस पाइप उभे आहेत
माझ्या खांद्याला लागतील एवढे, मातीने भरलेले.
प्रत्येकात एक भुईमूग.
मुळं किती खोल जातात ते बघायचंय.

माती सोलापूरकडून पोत्यांतून येते.
आमची इथेच होती, खाली,
आता थर्माकोलचे खोके बनतात तिथे.
पण ती खाजणाची, खारट.
शेंगेला चालली नसती,
असं मी आईला सांगते.
आई म्हणते, "काय गो,
भुईच्या पोटात धरतं ते पीक,
नि तू भुईच चार माळे वर नेलीस?"

संध्याकाळी चिमट्याने कळी उघडते.
पाकळ्या बाजूला, होडी खाली,
आतले परागकोश एकेक उपटायचे,
श्वास रोखून.
मग देठाला जांभळा दोरा.
पहाटे सहाला दुसऱ्या वाणाचे पराग आणून लावते.
टिळेकर मॅडम याला संकर म्हणतात.
आई विचारते, लग्न लावतेस का मोडतेस?
दोन्ही, आई. आधी मोडते.

शेजारी काचेची खोली.
तिच्यात ऊन आम्ही ठरवतो:
मार्चात अडतीस, एप्रिलात बेचाळीस.
नवी मुंबईत घाम फुकट आहे,
कोरडं ऊन मात्र विकत घ्यावं लागतं,
विजेचं बिल येतं त्याचं.

आणि पाणी तोडायचा दिवस
नोंदवहीत लाल शाईने.
त्यानंतर अठरा दिवस मी झारी घेऊन
त्यांच्यासमोरून जाते
पलीकडच्या रांगेला पाणी घालायला.
दुपारी पानं मिटतात, हात जोडल्यासारखी नाही,
पुस्तक मिटल्यासारखी.
मी बघत नाही. म्हणजे बघते,
बघणं हेच माझं काम, पगार त्याचाच.

बाराव्या दिवशी पराग काचपट्टीवर घेतले, रंग टाकला.
जिवंत असेल तो कण लाल होतो.
मेलेला राहतो पाण्यासारखा.
एक्याण्णव नंबर: पाणी. ब्याण्णव: पाणी.
त्र्याण्णवला वाटलं, भिंगच पुसायला हवं.
चौऱ्याण्णवला लाल.
मी तीनदा मोजलं. शंभरात एकोणीस.
मॅडम वाकल्या, बराच वेळ वाकून राहिल्या,
मग म्हणाल्या, "उड्या मारू नकोस, कुंदा.
एका पाइपावर काही ठरत नाही.
पुन्हा करू. मग शेतात करू.
आठ पिढ्या धर."
आठ पिढ्यांनी मॅडम निवृत्त झालेल्या असतील.
माझं कंत्राट जूनपर्यंत आहे.

शिवाय पराग जगून भागत नाही.
फुल झडलं की देठाच्या बुडातून आरी सुटते,
मोच्याच्या आरीसारखीच टोकदार,
आणि खाली वळते.
मातीत शिरली तर शेंग.
वरची माती वाळून पापडी झाली असेल
तर तशीच लटकत राहते, दिवसेंदिवस,
दार न उघडलेल्या पाहुण्यासारखी.

चौऱ्याण्णवला पाच आऱ्या सुटल्या.
तीन लटकल्या. एक वाळली.
पाचवी पापडीला टेकून थांबली होती
आणि मी तिच्यावर वाकलेली,
तेवढ्यात कपाळावरून थेंब निघाला,
भुवईपाशी आला.
एक थेंब. कुणाला कळलं असतं?
माती तेवढीच मऊ झाली असती.
मी मान झटकन मागे घेतली.
थेंब गच्चीच्या लादीवर पडला,
तिथे काही उगवणार नव्हतं.

रात्री घणसोलीला गाडीवर शेंगा घेतल्या,
भाजलेल्या, पुडीभर.
एक फोडली. दोन दाणे, सालं गुलाबी,
एक जरा सुरकुतलेला.
याला पाणी कधी तोडलं असेल, असं मनात आलं
आणि पुडी तशीच घरी नेली. आईने खाल्ल्या.

सकाळी पावणेसहाला गच्चीवर
मी आधी चौऱ्याण्णवपाशी गेले.
पापडीला केसाएवढी चीर.
आरीचं टोक दिसत नव्हतं.
उकरून बघायला मनाई आहे.
वहीत लिहिलं: पाइप ९४, आरी ५, आत.
थोडं थांबून "आत"च्या पुढे
प्रश्नचिन्ह काढलं.