घट

चांदी वितळली की थोडी उडून जाते.
हुपरीत तिला घट म्हणतात.
शंभर ग्रॅमला किती, ते देणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं,
पैंजण जोडणारीनं त्यावर वाद घालायचा नसतो.
मी पंधरा वर्षं घातला नाही.

बावड्याच्या कोर्टासमोर टपरी आहे.
कारदगे वकील बशीत चहा ओतत म्हणाले,
"वहिनी, तो कबूल व्हायला तयार आहे.
फक्त कलम सहाच्या जागी दहा लागू दे."
आकडा वाढला की वर्षं कमी होतात
हा हिशेब मला तिथं कळला.
विसाची पाच.
पंधरा वर्षांची घट.

सरकारी वकीलबाई म्हणाल्या होत्या,
असल्या खटल्यात सौदा कायद्यात बसत नाही,
पोर चौदाच्या आतली असली तर नाहीच नाही.
बरोबर आहे. सौदा कायद्यात नव्हताच बसला,
तो बाकड्यावर बसला होता, माझ्या दिराशेजारी,
आणि आण्णाप्पा खाली मान घालून
चपलेच्या अंगठ्यात अडकलेला खडा काढत होता,
बराच वेळ.

"पोरीला उभं राहावं लागणार नाही."
वकिलाचं एवढं एकच वाक्य खरं होतं,
म्हणून तेच उचलेना.
बाकीचं मी झटकून आलो असतो,
दोन किलो माल, मजुरीत वाढ,
लग्नाचा खर्च आमच्याकडं लागला.
लग्नाचा!
अकरा वर्षांची आहे ती.
दप्तरात अजून चिंचोके असतात.
(नाव नाही सांगत. कागदावरही नाही,
तिथं तिला पीडिता म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं मागं वळून बघितलं,
कुणाला हाक मारली म्हणून.)

केएमटीत ती खिडकीला, मी कडेला.
पुढं उसाची ट्रॉली, बस मागं मागं रांगत होती.
"कबूल म्हणजे तो काय काय बोलणार?"
गुन्हा कबूल आहे, एवढंच.
"लोखंडी कपाटाचं?"
नाही.
"किल्लीचं? तू माल आणायला गेलीस त्या दिवसाचं?"
नाही ग.
एक ऊस ट्रॉलीतून निसटून रस्त्यात पडला,
आमच्या चाकाखाली गेला, मोडल्याचा आवाज आला.
"मग मी सांगतो," ती म्हणाली.

आमच्यात बायका-पोरी असंच बोलतात.
मी आलो, मी गेलो, मी सांगतो.

ती पडद्याआड बसली.
मी बाहेर, दाराला पाठ लावून.
आतलं काही ऐकू आलं नाही,
मधे एकदा कुणीतरी पाणी मागितलं, पंखा बंद करायला सांगितला.
दोन तास. माझ्या बोटांना डाग देण्याची सवय,
ती आपली पदराच्या काठावर घुंगरू जोडत राहिली.

नंतर बाईंनी सांगितलं ते असं.
टाइपिस्टनं जबाब वाचून दाखवला,
"मी खोलीत गेले."
पडद्यामागून आवाज आला,
"गेलो म्हटलं होतं मी."
टाइपिस्ट थांबला. म्हणाला, अर्थ तोच होतो.
"पण मी गेलो म्हटलं होतं."
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
म्हणाल्या, जसं बोलली तसं लिहा.

रात्री तिनं सगळं उलटून काढलं.
चार दिवस शाळेला गेली नाही.
आण्णाप्पाच्या घरून ताट यायचं बंद झालं.
मी बरोबर केलं का, मला विचारू नका,
मला अजून धड ठरवता आलेलं नाही.

शिक्षेची तारीख पुढं पडली आहे.
वीस होतील, की खालीवर होऊन काही उरेल,
तराजू माझ्या हातात नाही.
पण कुठल्यातरी फायलीत, कोल्हापुरात,
गेलो लिहिलेलं आहे,
एका मात्रेचीही घट न धरता.