छाप्यात काटा

भैरू दुपारी तीनला येतो, केस अजून ओले,
बरणीत रामकुंडातली चिल्लर.
दोरीच्या चुंबकाला चिकटतं ते पोलाद.
जुनं तांबं-निकेल चुंबकाला दाद देत नाही,
ते पायाच्या अंगठ्यानं शोधावं लागतं,
म्हणून त्याचा भाव जास्त, असं त्याचं म्हणणं.
मी घासाघीस करत नाही.

तेहेतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मी चुका पकडल्या.
शाई सरकली, आकडा घसरला, कोपरा दुमडून कापला गेला:
पकडायची, वहीत नोंदवायची,
आणि डोळ्यांदेखत तिचा भुगा होऊ द्यायचा.
निवृत्त झालो, नाशिकरोड सुटलं,
आणि चुका जपायला लागलो.

भैरूला शिकवतो:
भिंग डोळ्याशी धर, नाणं भिंगाशी आण.
उजेड वरून नको, कडेनं येऊ दे,
मावळतीला घाटाची पायरी न् पायरी दिसते, तसा.
ही रेघ उठावाची, म्हणजे साच्याला तडा गेलाय, ठेव.
ही खोल गेलेली, म्हणजे कुणाच्या किल्लीचा ओरखडा, सोड.
ही लाखी: आधीचं नाणं साच्यातच अडकून बसलं
आणि पुढच्याच्या पाठीत आपलं उलटं तोंड खुपसून गेलं.

आता सगळ्यात अवघड.
एखाद्या वेळी चकती यायचीच राहते.
वरचा ठसा खाली येतो, खालचा जागेवर असतो,
मधे काही नाही.
लोखंडावर लोखंड.
टाकसाळीत सगळाच आवाज, हा कोण ऐकणार?
नंतरची नाणी नीट पडतात, वजन बरोबर, खणक बरोबर,
फक्त छाप्यात काटा उमटत राहतो, पुसट, आरशातला.
सिंहांच्या मागे देशाचा नकाशा,
पण कच्छ पूर्वेला गेलेलं
आणि आपलं नाशिक शोधायचं तर उजव्या हाताला.

असलं एक माझ्याकडे आहे. दोन रुपयांचं.
दामोदर तांबटानं ते नखावर वाजवलं,
कान देऊन ऐकलं आणि म्हणाला,
"हे टाकसाळीचं नाही. शिकंज्यात दाबलंय कुणीतरी,
नाण्यावर नाणं ठेवून."
सराफ बाजारात, रविवारी, चार जणांसमोर.
मी त्याच्या आजोबांच्या हंड्यांच्या कल्हईपर्यंत गेलो,
तो माझ्या पेन्शनपर्यंत आला.
अकरा वर्षं झाली.
रविवार एकच, बसायच्या पायऱ्या दोन.

"दाखवा की," भैरू म्हणतो.
बराच वेळ बघतो. केसांतून एक थेंब भिंगावर पडतो,
तो सदऱ्याला पुसतो, पुन्हा बघतो.
"खरी खूण कुठं पडते म्हणालात?"
मोकळ्या जागेत रे. साच्याची सपाटीच पुढं असते, तीच आपटते.
चित्र खोलात असतं, त्याला लागत नाही.
"मग ही रेघ सिंहाच्या आयाळीवर कशी चढली?"

भिंग त्याच्या हातातून घेतो.
आयाळ चेपलेली. तिच्यावरून कोकणचा किनारा
सरळ चालत गेलेला.
इतक्या पोरांना शिकवलं, उजेड कडेनं येऊ दे म्हणून;
हे नाणं मात्र नेहमी देवासारखं
समोरून बघत आलो.

नकळत नखावर वाजवतो.
ही सवय माझी नव्हती.
कधी लागली कोण जाणे, अकरा वर्षांत तर आम्ही
एकमेकांच्या सावलीतही उभे राहिलो नाही.
भांडी बाजारात कुणी सांगत होतं,
दामोदर हल्ली नाणी पितळी डब्यात टाकत नाही,
कागदाच्या पुड्या बांधतो माझ्यासारख्या,
कोपरा आत खोचून.
फक्त डाव्या बाजूनं.

"मग याचे किती येतील?"
दोन रुपये, मी सांगतो,
आणि चपला कुठं काढल्या ते बघू लागतो.